धूर नाही, म्हणून आग नाही

सावळारामचा दिवस पहाटे चारला सुरू होई. चहाच्या आधी तो खर्डीजवळच्या वीटभट्टीला फेरी मारी, हाताचा तळवा तिच्या अंगाजवळ धरून. भट्टी रचायचा आणि पेटवायचा तो. मी वीस हंगाम त्याच्या हाताखाली विटा वाहिल्या. त्याने एकही फेरी चुकवली नाही.

१९९८च्या मार्चमध्ये शेठला माल लवकर हवा होता. मुकादम कॉलेजात जाऊन आलेला. तो म्हणाला, "धूर थांबून चार दिस झाले. धूर नाय, म्हणजे आग नाय. खोला भट्टी."

"आत लाल हाय," सावळाराम म्हणाला. "ओल सरली, म्हणून धूर सरला. अजून सहा दिस थांब."

"कामचुकाराला कारणं बरी सुचतात रे!"

सावळाराम चढला नाही. मुकादमाने बुधू नावाच्या मजुराला भट्टीवर चढवलं. वरच्या विटा सरकल्या आणि बुधूचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

दुसऱ्या दिवशी शेठ आला. मुकादमाने लगेच नवा हिशोब मांडला, "बुधू भाजला, म्हणजे सावळ्यानं भट्टी वाईट लावली."

सावळारामची मुलगी रश्मी तत्त्वज्ञानात एम.ए. करत होती. ती बापाची भाकरी घेऊन आली होती. तिने ते ऐकलं.

"शेठ, ही चूक जुन्या नैयायिकांनी, म्हणजे तर्कशास्त्राच्या पंडितांनी, हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलीय. धूर दिसला तर आग आहे, हे खरं. आग नसेल तर धूर नसतो, हेही खरं. पण धूर नाही म्हणून आग नाही, हे निघत नाही. धूर व्हायला आग हवी आणि ओलं जळणही हवं. लोखंडाचा तापलेला गोळा बघा. आग आहे, धूर नाही."

शेठ हसला. "गो बाय, तुझा गोळा पुस्तकात. इथं कुठं हाय?"

सावळारामने पहार भट्टीच्या तोंडात खुपसली. अर्धा तास सगळे उभे. मग त्याने ती ओढून मुकादमाच्या पुढ्यात धरली. टोक लालभडक. धुराची रेघ नाही.

"सांग आता. आग हाय का नाय?"

मुकादम मागे सरला. चूक आपल्याच घाईची, हे शेठला कळलं. कळलं म्हणूनच तो म्हणाला, "सावळ्या, उद्यापासून येऊ नको."

आम्ही चाळीस माणसं तिथे होतो. एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही. स्वतःवरचा तो राग अजून जात नाही.

सावळारामची त्या हंगामाची मजुरी रश्मीच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेली होती. तिचं वर्ष गेलं. शेठ बुधूकडे एकदाही फिरकला नाही. सावळाराम एक दिवसाआड बुधूला रिक्षात घालून शहापूरच्या दवाखान्यात नेई. पावसाळा लागेपर्यंत बुधूच्या पायाची मलमपट्टी त्या मजुरीतून झाली.