टापेट कव्हरचं पॅकिंग आणि आसगावची मंडई

मोटार घेतल्याशिवाय सासऱ्याच्या दारात पाय ठेवणार नाही, अशी शपथ माझ्या नवऱ्यानं घेतली, तेव्हा आमच्याकडं धड सायकलसुद्धा नव्हती.

कारण काय, तर थट्टा. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, भाजीची नव्हे, जत्रेसारखी. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घर भरतं, सोयरिकी जुळतात. अशाच एका मंडईला आम्ही आसगावला, माझ्या माहेरी गेलो होतो. माझा मोठा भाऊ चार लोकांत म्हणाला, "का गा जावई, अंदाबी पैदलच का?" झालं! राइस मिलच्या ट्रकवर ड्रायव्हर असलेला माणूस, त्याला हे झोंबलं. भंडाऱ्याला परतलो आणि घरात शिरल्याबरोबर शपथ.

पुढच्या मंडईला मी म्हटलं, "तुमी नाई येत तं मी एकटी जाऊन येतो." म्हटलं खरं, पण गेले नाही. एकटी गेले असते तर गावातल्या साऱ्या बायांनी विचारलं असतं, जावई काहून नाई आला? त्यांना काय सांगू, मोटार नाही म्हणून? मीही काही कमी अकडू नव्हते. दोन मंडया अशा गेल्या. मंडईच्या दिवशी मी दिवसभर घरी बसून बिड्या वळायचे.

तिसऱ्या वर्षी हे खरंच मोटार घेऊन आले. एका ठेकेदाराच्या अंगणात लिंबाखाली उभी राहून कंटाळलेली, काळी, माझ्याहून वयानं मोठी. मी लगेच माहेरी पोस्टकार्ड टाकलं, अंदा मंडईले मोटारीनं येतो म्हणून. तिथंच चुकले. कार्ड पोस्टात पडलं आणि गाडीचं तेल गळायला लागलं.

इंजिनच्या डोक्यावर पत्र्याचं एक लांबट झाकण असतं. मोटारीचा मिस्त्री त्याला टापेट कव्हर म्हणायचा. झाकणाच्या कडेखाली चारही बाजूंनी फिरणारी एक पट्टी असते, ते पॅकिंग. ते गेलं की तेल बाहेर येतं, तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडतं आणि सारा धूर आत बसलेल्यांच्या डोळ्यांत. शेजारचा एक नवरदेव आमच्या मोटारीतून लग्नाला गेला, तो मांडवात उतरला तेव्हा डोळे लाल आणि गालांवर पाणी. नवरीच्या मावश्या गहिवरल्या. म्हणे, "पोरगा भलता मायाळू हाये व माय, आतापासूनच रडून राहिला."

पॅकिंग बदलायचं ठरलं. कशाचं करायचं, यावर आमच्या ओसरीत जितकी चर्चा झाली तितकी माझ्या लग्नातही झाली नव्हती. पहिलं पॅकिंग ह्यांनी जुन्या लग्नपत्रिकांचं केलं. आठ दिवसांत ते भिजून लगदा झालं, आणि इंजिनच्या कडेनं अर्धवट 'शुभ वि' तेवढं दिसत राहिलं. मग सायकलची ट्यूब कापून लावली. ती तेल पिऊन अशी फुगली की झाकणाखालून बाहेर लोंबायला लागली. शेजारी कासार राहायचे, पितळेची भांडी घडवणारे. ते येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "झाकण कायमचं झाळून टाका ना, कटकटच मिटली." हे त्यावर एक दिवसभर विचार करत होते, हे मी शपथेवर सांगते.

शेवटी नागपूरहून खरं, दुकानातलं, बुचाच्या लाकडाचं पॅकिंग आणलं. मंडईला चार दिवस राहिले होते. दुकानात खिळ्यावर त्यानं किती उन्हाळे काढले होते देव जाणे. इंजिनवर ठेवलं तर दोन बोटं आखूड! हे एकीकडून ओढतात, मिस्त्री दुसरीकडून.

"हे दुसऱ्या गाडीचं हाये," मिस्त्री म्हणाला.

"मंग का, पॅकिंगसाठी गाडी बदलू?" हे त्याच्यावर ओरडले.

मी ओसरीवर सूप मांडीवर घेऊन तेंदूपत्ता कापत होते. मला राहवेना. म्हटलं, "वाळलं हाये ते. पत्ता वाळला का आखडते, भिजवला का पसरते. ओल्या फडक्यात ठेवा रातभर."

मिस्त्री हसला. "बाई, हे इंजिन हाये, बिडी नोहे."

माझं डोकंच फिरलं. ते पॅकिंग त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि माझ्या पत्त्यासोबत ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलं. सकाळी काढलं तर बरोबर मापाचं! बसवून पाहिलं, भोकावर भोक आलं. तेव्हाच पेच आवळायचे होते. पण शहाणा माणूस जिथं थांबतो तिथं आमचे हे सुरू होतात. "आनखी थोडं पसरलं तं आनखी घट्ट बसन," असं म्हणून त्यांनी मिस्त्री यायच्या आत ते गरम पाण्याच्या पातेल्यात, म्हणजे आमच्या गंजात, बुडवलं. दुपारी काढलं तेव्हा ते बोटभर जास्त होतं. वरून लिबलिबीत. मिस्त्रीनं उचललं आणि कोपऱ्यात फाटलं.

मी रडले. पॅकिंगसाठी बाई रडते असं कोणी ऐकलं नसेल, पण मी हमसून हमसून रडले. यंदाही माहेर गेलं, एवढंच मला दिसत होतं. हे बिचारे गंज हातात घेऊन उभे. जावं तर कुठं जावं!

मिस्त्रीकडं त्याच बुचाचा एक पत्रा होता. पण म्हणाला, घरी कापलं तर भुगा होते, दोन पत्रे माझे वाया गेले. मी डोळे पुसले आणि म्हटलं, आणा इकडं. टिनाचा फर्मा ठेवून रोज हजार पानं एका मापाची कापणारी बाई मी. झाकणच पत्र्यावर उपडं ठेवलं, कोळशानं रेघ ओढली आणि बिडीच्या कैचीनं कापत गेले. कासारांकडून पितळी नळीचा तुकडा आणला, त्याची धार करून पेचांची भोकं पाडली. पॅकिंग असं बसलं की मिस्त्री खाली वाकला तो वर पाहीना. हे पान्हा घेऊन सारा जोर लावायला निघाले, तर मी मनगट धरलं.

"जास्त आवळू नोका. बिडीचा दोराबी जास्त आवळला का पत्ता फाटते."

पहिल्यांदा माझं ऐकलं त्यांनी.

मंडईच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. धूर नाही, वास नाही. दोन तासांची वाट, पण पोचायला दुपार टळली. कारण हे प्रत्येक गावाच्या नाक्यावर गाडी थांबवायचे, बॉनेट उघडायचे आणि तेल कसं गळत नाही ते लोकांना दाखवायचे. लोकही जमायचे! पवनीला तर एकानं विचारलं, "काई दिसून नाई राहिलं, का पाहाचं हाये?" हे म्हणाले, "तेच पाहाचं हाये."

आसगावात शिरलो ते हॉर्न वाजवत, यष्टीच्या थांब्यावरून धुरळा उडवत, थेट दारात. भाऊ पळत आला. गाडीभोवती दोनदा फिरला आणि जावयाच्या हातात हात देऊन म्हणाला, "मानलं गा!" ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. पोरं टपावर चढली. सारं गाव आलं.

बाबा तेवढे दिसेनात.

आईला विचारलं. ती म्हणाली, "सकाळच्या पहिल्या यष्टीपासून थांब्यावर जाऊन बसला हाये. दोन्ही साल असाच बसला. शेवटची गाडी गेल्यावर येते घरी."

मी तशीच पळाले. थांब्यावरच्या चिंचेखाली बाबा बसले होते, टोपीवर आमच्याच मोटारीचा धुरळा. मला पाहून उठले आणि मागं रस्त्याकडं पाहायला लागले.

"कोन्या गाडीनं आली बाई? मले तं यष्टी दिसली नाई."

"मोटारीनं आलो बाबा. कार्ड टाकलं होतं ना."

"वाचलं ना. पन मोटार येते का नाई येत, कोनाले मालूम. यष्टी तं रोज येते."

खरंच रोज येत होती. भंडाऱ्याहून निघायची, मी बसले असते तर मला घेऊन आली असती, दोन्ही वर्षं. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. मी बाबांचा हात धरला.

तेवढ्यात लाखांदूरकडं जाणारी यष्टी आली. मी शेजारी उभी, माझा हात त्यांच्या हातात, तरी बाबा दारातून उतरणाऱ्या एकेका बाईचं तोंड निरखत राहिले. शेवटची बाई उतरली, कंडक्टरनं घंटी मारली, तेव्हा कुठं म्हणाले, "चाल, आता कोनी नाई याचं."