सगळं आत्ताच आणू, की लागेल तेव्हा?

तीन प्रोग्रामर एका खोलीत बसले की कोडपेक्षा किस्सेच जास्त साचतात. आमचं ऑफिस उमरग्याला, हायवेलगत, टायरच्या दुकानावर. आम्ही दवाखान्यांचं सॉफ्टवेअर बनवतो. म्हणजे तेव्हा एकाच दवाखान्याचं!

डेटाबेसमधून माहिती आणून देणारं आमचं ओआरएम एकच विचारतं. पेशंटसोबत त्याचं बाकीचं सगळं आत्ताच आणू, की लागेल तेव्हा? पहिलं ईगर लोडिंग, दुसरं लेझी. शिवलिंग ईगरवाला, सविता लेझीवाली. माझं मत कुणी विचारलंच नाही.

*

शिवलिंग मुरुमला आत्याकडं दुपारच्या जेवणाला निघाला. पिशवीत स्वेटर, छत्री आणि उशी!

"मुक्काम आहे का रे?"

"न्हाय. पण लागलं तर?"

*

सविता खालून एक चहा घेऊन आली, मला दिला. मग शिवलिंगला विचारलं, "तुला पायजे का?" परत खाली.

"अगं, सगळ्यांना एकदाच विचार की!"

"लागंल तसं आणते. वाया जात न्हाय."

तिचा स्वतःचा कप येईपर्यंत माझा चहा पचला होता.

*

पहिलं व्हर्जन शिवलिंगचं. डॉक्टरसाहेबांनी नाव दाबलं आणि पेशंटच्या सगळ्या तपासण्या, सगळे एक्स-रे एकदम निघाले. स्क्रीनवर चक्र फिरतंय, फिरतंय. शेवटी खोकल्याचा पेशंटच उठला.

"साहेब, म्या उमरग्यातच हाय. आलं की बोलवा!"

*

दुसरं सविताचं. नाव झटक्यात आलं. साहेब खूश. त्यांनी इंजेक्शन भरलं, 'न चालणारी औषधं' यावर क्लिक केलं आणि नेट गेलं. रकाना कोरा! साहेबांनी सिरिंज खाली ठेवली, पेशंटच्या बायकोला विचारलं. नेमकं तेच औषध त्याला चालत नव्हतं.

"सोमवारपर्यंत नीट करा, नाहीतर काढून न्या," साहेब शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. हे काम गेलं की ऑफिसला कुलूप.

*

मग दोघं पहिल्यांदाच एका स्क्रीनसमोर बसले. भांडून भांडून ठरलं: न चालणारी औषधं नावासोबतच, एक्स-रे मागितल्यावर.

सोमवारी आम्ही तिघं दवाखान्यात. मी जाम घाबरले होते. एक म्हातारी आत आली. साहेबांनी नाव दाबलं. वय, न चालणारी औषधं, सगळं लगेच समोर. एक्स-रे मागितला, तेव्हा तोही आला. सवितानं घट्ट धरलेला माझा दंड सोडला.

साहेब म्हातारीकडं वळले. "बोला मावशी, काय होतंय?"

मावशी ऐसपैस बसल्या. "सांगते की. माझं लगीन झालं, त्या साली आमच्याकडं ज्वारी लई पिकली व्हती..."

साहेबांनी आमच्याकडं पाहिलं.

"कॉम्प्युटरचं जमलं तुमचं. आता मावशींचं तेवढं बघा!"