बॉनेटवरचं वाकडं स्वस्तिक

गाडी पॉलिश करायचं मशीन घ्यायचं, असं बाबांनी जाहीर केलं तेव्हा मी आधी हसले आणि मग चिडले. माझ्या नाकावरच राग असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कोणी फारसं मनावर घेतलं नाही. बाबा सत्तरी ओलांडलेले. गाडी छोटी, पांढरी, त्यांनी निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली, बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत बदामाच्या झाडाखाली उघड्यावर उभी असते. अलीकडे ती मीच चालवते, तीही रविवारी अंधेरीहून आईबाबांकडे आले की. ती चमकवायचीच असेल तर हायवेलगत एवढी दुकानं आहेत, एक दिवस देऊन टाकू, पैसे मी भरते, असं मी म्हणाले.

"पैशांचा प्रश्न नाहीये," बाबा म्हणाले.

पैशांचा प्रश्न होताच. दिवाळीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून जे वाचेल तेवढ्यातच मशीन बसवायचं, लेकीकडून एक रुपया घ्यायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

"मग प्रश्न कसला आहे?"

बाबा उठून गॅलरीत गेले. उत्तर आईने दिलं, कणीक मळता मळता. "बॉनेट बघ जाऊन."

बघायला खाली जायची गरज नव्हती. दर दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा होते, झेंडूचा हार, नारळ, आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. ते काढायचा मान बाबांचा. तरुणपणी ऑफिसात रांगोळीच्या स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळालेलं, त्यामुळे त्यांचं स्वस्तिक फूटपट्टी लावल्यासारखं यायचं. आधीच्या वर्षी पाण्यात कालवलेलं कुंकू ओघळून खाली आलं म्हणून गेल्या दसऱ्याला आईने ते खोबरेल तेलात कालवलं. त्या वर्षीच बाबांच्या हाताला कंप सुरू झाला होता. डॉक्टर म्हणाले, वयाचा आहे, जिवाला धोका नाही, फक्त काही करायला गेलं की हात थरथरणार. बाबांनी बोट टेकवलं आणि रेघ सापासारखी गेली. शेजारच्या इमारतीतले काका, जे आपली स्कूटर सजवत होते, हसत म्हणाले, "काय हे, यंदा स्वस्तिक नाचतंय की!" त्यांच्या मनात काही नव्हतं. बाबाही हसले. पण त्या दिवसानंतर ते कोणाच्या घरी चहाला गेले नाहीत, कारण कप बशीवर वाजतो.

आता स्वस्तिक काही कोणी पुसत नाही. ते आपोआप फिकं व्हायचं असतं. आईने त्याला फडका लावू दिला नाही, वर तेलातलं कुंकू, वर सबंध उन्हाळ्याचं ऊन. गाडी धुतली तेव्हा कुंकू गेलं आणि डाग राहिला. पांढऱ्या रंगात मुरलेलं, फिकट गुलाबी, वाकडंतिकडं स्वस्तिक. येणारा जाणारा प्रत्येक जण ते बघायचा. बाबांना ते दसऱ्याच्या आत घालवायचं होतं, आणि स्वतःच्या हाताने घालवायचं होतं. दुकानात दिली तर तिथला माणूस विचारणार, हे कोणी काढलंय?

दुकानाचा विषय मी सोडला. आणि मग, माझा स्वभावच तसा, सगळा कारभार हातात घेतला. ऑफिसच्या लंच टाइममध्ये व्हिडिओ बघून बघून मी पॉलिशमध्ये पंडित झाले. मशीनं दोन तऱ्हेची असतात. एक नुसतं गोल फिरतं, जड असतं, स्वस्त असतं, आणि एका जागी जरा जास्त रेंगाळलं तर रंगच खाऊन टाकतं. दुसरं गोल फिरता फिरता इकडेतिकडे हलतंही, त्यामुळे रंग भाजत नाही, नवशिक्याला तेच बरं. ते महाग. बाबांच्या बजेटमध्ये पहिलं आरामात बसत होतं. दुसरं बसत नव्हतं.

तरी आम्ही तिघं स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. शेठ ओळखीचे. त्यांनी गोल फिरणारं मशीन काउंटरवर ठेवलं आणि तपासायला एक जुना पत्रा पुढे केला. "काका, वजन बघून घ्या ना पहिले. दोन्ही हातांनी पकडा, एकदम टाइट."

बाबांनी पकडलं. बटण दाबल्यावर मशीनने पत्र्यावर जी धाव घेतली ती थेट काउंटरच्या कडेपर्यंत. बाबांनी ते मागे ओढलं, परत सुटलं. शेठने पटकन बटण बंद केलं आणि फार चांगुलपणाने म्हणाले, "होतं काका, पहिल्यांदा सगळ्यांचं होतं." बाबांनी हात खिशात घातले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "आवाज फार करतं."

"हो ना," आई म्हणाली, "कान किटले माझे." एवढ्या वर्षांच्या संसारात ती त्यांच्याशी इतक्या चटकन कधी सहमत झाली नसेल.  मला वाटलं, राहू दे मशीन, सगळी गाडीच रंगवून आणते. पण मग ते मी केलेलं झालं असतं.

त्याच आठवड्यात मोबाइलवर एक जाहिरात सापडली. मुलुंडला कोणीतरी ते दुसऱ्या तऱ्हेचं, हलणारं मशीन वापरलेलं विकत होतं, आणि किंमत बाबांच्या आकड्यात बसत होती. पुढच्या रविवारी आम्ही त्याच गाडीतून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने मुलुंड गाठलं. वाटेत सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बॉनेटकडे बघत होता, तर बाबांनी मान फिरवून उगाच एका इमारतीचे मजले मोजले.

दार आईच्याच वयाच्या एका बाईंनी उघडलं. त्यांच्या मुलाने घरोघरी जाऊन गाड्या चमकवायचा धंदा सुरू केला होता, मग नोकरी लागली आणि तो पुण्याला गेला, मशीन माळ्यावर पडून. "चालतं का ते बघून घ्या हं, नाहीतर मागाहून म्हणाल बाईने फसवलं," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे गाडी नाही आता. फ्रिजवर लावून बघा."

"फ्रिजवर?" बाबा दचकलेच.

"पत्राच आहे की. आणि पिवळा पडलाय मेला."

त्यांनी दारावरची चुंबकं काढली, मी पॅडवर पॉलिशची पेस्ट लावली, आणि बाबा परक्या घरातल्या फ्रिजसमोर मशीन घेऊन उभे राहिले. बटण दाबलं. मशीन घूं करत थरथरायला लागलं. त्याबरोबर बाबांचे हात, मनगटं, चष्मा, सगळंच थरथरायला लागलं. पण मशीन पळालं नाही. दारावर टेकलं तिथे टेकून राहिलं आणि बाबा नेतील तिकडे गेलं.

"हात थरथरतो हो ह्याने," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचाच. मी एकदा धरलं होतं, तर संध्याकाळी भाजी चिरवेना."

बाबांनी मशीन बंद केलं आणि त्यांच्याकडे वळून बघितलं. बाईंना काही माहीत नव्हतं. त्या सहज बोलल्या होत्या.

दारावर एक स्वच्छ पांढरा गोल उमटला होता. बाकीचा फ्रिज त्याच्यापुढे फारच कळकट दिसायला लागला. बाबांनी परत बटण दाबलं.

"अहो, बघून झालं ना? लोकांचा फ्रिज आहे तो," आई कुजबुजली.

"एवढाच गोल बरा दिसत नाही," बाबा म्हणाले, आणि त्यांनी वरचं दार केलं, खालचं केलं, हँडलच्या मागची खाच केली. बाई हरखून बघत होत्या. मी सोफ्यावर बसून मोबाइल बघायचं नाटक करत होते, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते आईला दिसले असते तर तिचेही आले असते.

मग बाईंनी चहा आणला.  बाबांनी कप उचलला, तो बशीवर खडखड वाजला, थोडा चहा सांडला.

"बघा!" बाई म्हणाल्या. "सांगत नव्हते? मशीन आहे ते. घ्या सावकाश."

बाबांनी चहा संपवला. जवळजवळ वर्षभराने, दुसऱ्याच्या घरी. आईने तेवढ्यात घासाघीस करून पॅडचं एक पाकीटही काखोटीला मारलं, आणि वर बाईंना दिवाळीच्या फराळाचं आमंत्रण देऊन मोकळी झाली.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढली. पॉलिश करण्याआधी आईने बॉनेटवरच्या डागाला अक्षता वाहिल्या, हात जोडले. "पुसत नाही हो, स्वच्छ करतोय," ती पुटपुटली. कोणाला म्हणाली, देव जाणे. बाबा कामाला लागले. गुलाबी डाग हळूहळू विरळ होत गेला. शेजारच्या इमारतीतले काका आलेच बघायला. "जरा बघू," म्हणत त्यांनी मशीन हातात घेतलं आणि लगेच परत दिलं. "अरे बाप रे! काय हात थरथरतो हो!"

"हो," बाबा म्हणाले. "सवय लागते."

दुपारपर्यंत बॉनेट कोरं झालं. इतकं, की त्यात बदामाची पानं दिसत होती. बाबांनी वायर गुंडाळून ठेवली. मला वाटलं, झालं, संपलं. त्यांना जे हवं होतं ते मिळालं.

दसऱ्याच्या सकाळी मी हार घेऊन आले. आईने वाटीत कुंकू कालवलं, ह्या वेळी पाण्यात. आणि कोणी काही बोलायच्या आत स्वतःच पुढे झाली. घरात जणू ठरलंच होतं की आता स्वस्तिक तीच काढणार. समोर काका स्कूटरला हार घालत होते.

"दे इकडे," बाबा म्हणाले.

आईने माझ्याकडे बघितलं. मी काहीच म्हणाले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, असं आई म्हणेल. तिने वाटी त्यांच्या हातात दिली.

बाबांनी बोट बुडवलं आणि त्या चकचकीत बॉनेटवर टेकवलं. रेघ निघाली ती गेल्या वर्षीपेक्षा वाकडी. दुसरी तिच्याहून वाकडी. कुंकवाचे थेंब इकडेतिकडे पडले. आईचा हात नकळत पदराकडे गेला, निदान थेंब तरी टिपावेत म्हणून.

"राहू दे गं," बाबा म्हणाले. त्यांनी आवाज खाली आणला नव्हता, काकांनाही ऐकू गेला असेल. "मशीन आहे आपल्याकडे."

मग त्यांनी बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि चार घरांत चार ठिपके दिले.