मंद दिव्यांची लॉरी

लॉरी धुवायचं काम माझं होतं, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगितलं तर लपवल्यासारखं होईल.

पनवेलच्या खाडीकाठी आमच्या वडिलांचा जन्म मिठागरात गेला. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, आगर सोडून एक जुनी लॉरी घेतली आणि घाटावरच्या बाजारात मीठ न्यायला लागला. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. तो ड्रायव्हर, मी क्लीनर. विहिरीचं गोडं पाणी माणसांना आणि बैलांना पुरायची मारामार, ते लॉरीवर कोण ओतणार? दादा ती बंदरावर उभी करायचा आणि मी खाडीच्या पाण्यानं धुवायचो. नाहीतरी मीठच वाहते, खाऱ्या पाण्याचं तिला काय, असं आम्ही सगळेच म्हणायचो. बघा आमचं शहाणपण.

एका होळीनंतर दादा म्हणायला लागला की दिवे मंद झालेत, रस्ता दिसत नाही. मी नवे बल्ब आणून भर दुपारी अंगणात बसवले. दिवे लागले. मी म्हटलं, लागतायत की! पुढल्या खेपेहून आल्यावर तो पुन्हा म्हणाला, मंदच आहेत. मग एका तिन्हीसांजेला वळणावर त्यानं लॉरी सरळ भाताच्या खाचरात घातली. कुणाला लागलं नाही, पोती तेवढी फुटली.

झालं, आळीला कारण सापडलं. आमच्या वडिलांचे डोळे पन्नाशीच्या आत गेले होते. आगरातलं ऊन, त्यात मिठाचा पांढरा झगझगाट. डोळे मिठानं खाल्ले, असंच लोक म्हणायचे. म्हातारे येऊन ओट्यावर बसत, दादाच्या डोळ्यांत बघत आणि मान हलवत. दादानंही ते मानलं. मुंबईला जाऊन दाखव म्हटलं तर जाईना. वडिलांना तोच घेऊन गेला होता. डॉक्टरचं ते बोलणं पुन्हा ऐकायची त्याची छाती नव्हती. एका सकाळी त्यानं लॉरी सुरू करायचं लोखंडी हँडल माझ्या हातात दिलं आणि आत गेला. मला वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. चार वर्षं मी शेजारी बसून त्या सीटकडे बघत होतो.

अंधारात गाडी मी कधी चालवली नव्हती; अंधार पडला की मी मागं पोत्यांवर झोपायचो. उजेड एवढाच असतो असं वाटायचं. डोळे फाडून, बैलगाडीच्या चालीनं घाट उतरायचो. पावसाळ्याच्या तोंडावर घाटात समोरून एक लॉरी आली. तिच्या उजेडात रस्त्यावरचा खडान् खडा दिसला. ती गेली आणि माझ्या दिव्यांपुढे पुन्हा काळोख. तेव्हा मला कळलं, दोष दादाच्या डोळ्यांत नाही, दिव्यांतच आहे. कळलं असं म्हणायचीही लाज वाटते, कारण कळून मी ते मागं ढकललं. पावसात दिवे कशाला उघडायचे, बघू पुढं, असं करत चार महिने घालवले.

दसरा दोन दिवसांवर आला तेव्हा वहिनीनं मला परसात गाठलं. दादा काय करतो ते ठाऊक आहे का, म्हणून विचारलं. तो रोज डोळे मिटून दारापासून विहिरीपर्यंत पावलं मोजत होता. एकोणतीस भरायची. उद्या वेळ आली तर कुणाचा हात धरावा लागू नये, म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन्ही दिवे उघडले. काचा धड, आतल्या वाट्या चकचकीत, बल्ब नवेच. मग खाली वाकून पाहिलं. दोन्ही दिव्यांची एक तार बोल्टानं गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते, करंट तिथूनच माघारी जातो. त्या बोल्टाला हात लावला तर हिरवी-पांढरी खपलीच हातात आली. तारेचे दोन-चार धागे कसेबसे धरून होते. खारं पाणी. माझ्याच बादलीतलं. तार बदलली, बोल्टाखालचा गंज पॉलिश पेपरनं घासून काढला. सगळं काम अर्ध्या तासाचं. मग दिवस मावळायची वाट बघत पायरीवर बसून राहिलो.

तिन्हीसांजेला समोरच्या चुन्याच्या भिंतीवर दिवे टाकले. भिंतीचा पोपडान् पोपडा दिसायला लागला. दादा बाहेर आला आणि बराच वेळ तिकडे बघत उभा राहिला. मी गंजलेली तार त्याच्या हातात ठेवली आणि सगळं सांगितलं. घाटातल्या त्या लॉरीचंही.

"म्हंजे माजे डोले बरे हायत," तो म्हणाला. वहिनी दारातच खाली बसली आणि रडायला लागली.

मला वाटलं, तो मला मारेल. मारलं असतं तर सुटलो असतो. त्यानं ती तार बोटांनी चुरली.

"चार महिने तुला ठाव व्हतं," तो म्हणाला. "आन् मी पावलं मोजत व्हतो."

दसऱ्याला त्यानं स्टीअरिंगला हळदकुंकू लावलं आणि लॉरी सुरू केली. मी सवयीनं शेजारी चढायला गेलो, तर त्यानं आतून दार धरून ठेवलं. रागानं नाही, नुसतं धरलं. मी खाली उतरलो. पुढं त्यानं दुसरा क्लीनर ठेवला. भांडण असं कधी झालं नाही, आम्ही एकाच पंगतीला जेवायचो. लॉरी मात्र तो स्वतः धुवायला लागला, गोड्या पाण्यानं. बादली घेऊन विहिरीकडे जाताना त्याचे ओठ हलायचे. डोळे उघडे असायचे, तरी हलायचे. मी मान फिरवायचो.