हेडसरांच्या नातीचा सराव

हेडसर शाळेतून निवृत्त झाले. परीक्षेतून काही झाले नाहीत. जिन्यात कुणी नमस्कार केला तरी ते त्याला मनातल्या मनात गुण देतात, आणि हात आखडताच ठेवतात. हयातभर त्यांनी एकच विद्या शिकवली: पेपरात काय येणार ते आधी हुडकायचं आणि पोरांकडून घोटून घ्यायचं. पोरांना त्यातलं काही कळलं का, हा प्रश्न पेपरात नसल्यामुळे त्यांनी कधी सोडवला नाही.

हल्ली त्यांच्या तावडीत एकच विद्यार्थिनी उरली होती. नात, ठकी. अजून रांगतही नव्हती. ठकी वर्षाची झाली की सूनबाई कामावर रुजू होणार, मग दिवसभर ठकी कुणाकडे, आजोबांकडे की विहीणबाईंकडे, हे घरात लोंबकळत होतं. हेडसरांना ती हवीच होती. विहीणबाई पोरीला नुसत्या खेळवतात, झोपवतात. म्हणजे वर्ष फुकट घालवतात, असं त्यांचं मत.

त्यातच सूनबाईने ठकीचं नाव मुलांच्या मेंदूच्या एका अभ्यासात दिलं. हेडसरही सोबत गेले. अंधारी खोली, आईच्या मांडीवर ठकी, डोक्यावर वायरींची ओलसर टोपी, आणि समोरच्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची एका लयीत उघडझाप. डोळ्यांना ती लय दिसली की मेंदूतले तरंगही त्याच ठेक्यावर उठतात. मूल वाढतं तसा त्यात काय फरक पडतो, एवढंच तिथे बघायचं होतं. ठकीला टोपी चढवणाऱ्या ताईंनी स्पष्ट सांगितलं, "आजोबा, यात पास-नापास काही नसतं."

हेडसर गालातल्या गालात हसले. बोर्डाचे लोकही असंच म्हणायचे.

ठकी वर्षाची झाल्यावर तिला पुन्हा बोलावलं होतं. म्हणजे तयारीला वेळ होता. सूनबाई आंघोळीला गेली की हेडसर टेबलावरचा दिवा पोरीसमोर मांडत, बटण दाबत-सोडत, जिभेने टक टक ठेका धरत आणि अख्खं अंग डोलवत. "ठके, लक्ष कुठंय? पुढच्या बाकावर बसायचंय ना?"

समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी दारातून विचारलं, "सर, दिवा बिघडलाय का?"

"मेंदू घडतोय," हेडसर म्हणाले.

आता समोर एवढा मोठा म्हातारा डोलत असताना पोर दिव्याकडे कशाला बघेल? ती आजोबांची हलणारी हनुवटी बघून खिदळायची. हेडसरांना वाटायचं, धडा उतरतोय.

ठरल्या दिवशी पडद्यावर चौकटी लुकलुकायला लागल्या, आणि ठकीने त्यांच्याकडे सरळ पाठ फिरवली. लुकलुक दिसली म्हणजे आजोबा नाचणार, हे ती पक्कं शिकली होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत आजोबा सापडले. तेही सवयीने डोलू लागले. ताईंनी त्यांना बाहेर बसवलं, तर ठकीने टोपी ओढून भोकाड पसरलं.

बाहेर आल्यावर ताईंनी विचारलं, "घरी हिला असं काही लुकलुकणारं दाखवता का?"

"छे," सूनबाई म्हणाली.

"थोडा सराव घेतला," हेडसर म्हणाले. वर छाती काढून, "रोज."

ताईंनी कपाळावर हात मारला नाही, हा त्यांचा चांगुलपणा. ठकीची नोंद आता उपयोगाची नाही, एवढंच त्या म्हणाल्या. सूनबाईने ठकीला उचललं आणि तडक घर गाठलं. दाराचं कुलूप काढताना म्हणाली, "बाबा, सोमवारपासून ठकी माझ्या आईकडे राहील."

"तिचा सराव बुडेल."

"बुडू दे."

परीक्षा केंद्रातच अंधार होता, पोर काय करणार, असं हेडसर भेटेल त्याला ऐकवतात. रविवारी नातीला भेटायला जातात. विहीणबाई चहा देतात, ठकीला त्यांच्या मांडीवर ठेवतात आणि ते उठेपर्यंत समोरची खुर्ची सोडत नाहीत.