हातमोजे फेकले की टाळ्या

त्या दिवशी टीव्हीपुढं मी होते, माझा लेक सुभाष, सून माधुरी आणि इथं परदेशातल्या कॉलेजात बर्फावरची हॉकी खेळणारा नातू रोहन. पगारी खेळाडूंचे शेवटाकडचे सामने चालले होते. दोन दाढीवाल्या बाप्यांनी हातमोजे फेकले आणि कोंबड्यांसारखे एकमेकांवर तुटून पडले. पंच नुसते बघत उभे. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले, माझा लेकसुद्धा.

"आई, हीच तर मजा असते," म्हणाला.

मजा! याच्या बापानं दारूच्या नशेत माझे दोन दात पाडले, तेव्हा दारात जमलेली माणसंही अशीच बघत होती. दुसऱ्या दिवशी मी तशीच खडी फोडायला गेले.

रोहनचा सामना मला आवडतो. तिथं पोरांच्या तोंडाला जाळी असते, मारामारी केली की बाहेर काढतात. पोरं जीव तोडून खेळतात.

"आजी, पुढं मला पगारी संघात जायचंय," रोहन म्हणाला.

"जा की. दात तेवढे घरी ठेवून जा."

रोहन हसला. सुभाष नाही हसला.

वाचणाऱ्यांनो, उद्या माझ्या नातवानं कुणाला मारलं, नाहीतर त्याला कुणी मारलं, तर टाळी वाजवू नका.