मुक्ताला ओळखणारी माणसं

नलूताईंनी माझ्या मुलीला भाजीवालीसमोर उभं केलं आणि सांगितलं, "ही मुक्ता. हिला बोलता येत नाही. एकटी दिसली तर थांबवून ठेवा आणि शाळेत कळवा."

नलूताई मुक्ताच्या विशेष शाळेच्या पालक-मार्गदर्शक. त्यांचा मुलगाही इथेच शिकून मोठा झालेला. हात सुटला की मुक्ता वाट फुटेल तिकडे चालू लागते, म्हणून तिच्या वर्गाच्या बाईंनी माझी नलूताईंशी गाठ घालून दिली होती. भाजीवालीनंतर त्या शिंप्याकडे गेल्या, मग रिक्षावाल्यांकडे. सगळीकडे तेच सांगत होत्या.

एक रिक्षावाला मुक्ताकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मायेनंच बघत असेल. पण मला वाटलं, हिला कुणाला हाक मारता येत नाही, हे आता यालाही कळलं.

परतताना मी तसं बोलून दाखवलं. नलूताई चालता चालता थांबल्या. "मलाही भीती वाटते," त्या म्हणाल्या. "मुलगा तिशीचा झाला तरी वाटते. पण कुणीच ओळखत नसेल, तर तो हरवला हेही कुणाला कळायचं नाही."

आपलं लेकरू जगाच्या ओटीत घालायचं, तर जग निवडून घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडून एका अनोळखी बाईनं हाक मारली, "मुक्ता, शाळेला निघालीस?" मुक्ता वळून हसली. या बाईला तिचं नाव कुणी सांगितलं, मला ठाऊक नव्हतं. मीही हसले, आणि मुक्ताचा हात आणखी घट्ट धरला.